दोन हातांची खुर्ची

मी खुर्ची बोलतेय. साधीसुधी नव्हे, दोन हातांची. कचेरीत तुम्ही कधी नोकरी केली नसेल तर हा फरक तुम्हाला कळायचा नाही. केली असेल, तर एव्हाना तुम्ही जरा सावरून बसला असाल.

आमची कचेरी अंधेरी पूर्वेला, एका महामंडळाची. कुठल्या, ते सांगत नाही. आत शिरल्यावर सगळी सारखीच दिसतात. तिथे माणूस ओळखायचा तो त्याच्या खुर्चीवरून. कारकुनाला बिनहातांची. हेडक्लार्कला दोन हातांची. अधिकाऱ्याला दोन हात, खाली गादी आणि पाठीवर टर्किश टॉवेल. साहेबांना फिरती, कारण साहेबांना चहूकडे लक्ष ठेवावं लागतं असा वरच्यांचा समज होता.

माझा जन्म घाटकोपरचा. सांताक्रूझला एक जुना बंगला पाडला, तेव्हा रतन मिस्त्रीनं त्याच्या पुढच्या दाराची सागवानी चौकट उचलली आणि तिच्यातून मला घडवलं. म्हणजे आधीच्या जन्मी माझ्यातून माणसं ये-जा करत. या जन्मी ती आत आली की बाहेर पडायचं विसरत. माझी बैठक वेताची विणलेली, पाठ सरळ आणि दोन्ही हात पुढे गोल वळवलेले. पॉलिश झाल्यावर रतन मिस्त्रीनं मला लांबून पाहिलं आणि म्हणाला, "हिच्यात बसेल तो लवकर उठायचा नाही." त्याला तो गुण वाटला होता.

कचेरीत माझी नोंद डेडस्टॉकच्या, म्हणजे निर्जीव सामानाच्या, रजिस्टरात झाली. माझ्यावर बसणाऱ्यांची नोंद हजेरीपटावर असे. सुरुवातीला हा फरक मला मोठा वाटायचा.

माझ्यावर पहिले बसले ते सीतारामपंत. "दिवाळी झाली की नोकरी सोडतो आणि गावी कलमं लावतो," असं ते दर गणपतीत म्हणत. कुठल्या वर्षाची दिवाळी ते त्यांनी कधी सांगितलं नाही, त्यामुळे त्यांना खोटं म्हणता येत नाही. वय झालं तेव्हा ते निवृत्त झाले. तो शनिवार होता. मी रिकामी राहिले आणि सोमवारी सकाळी शेजारच्या हिशेब शाखेनं मला उचलून नेलं. मला परत आणायला आमच्या शाखेनं इतका पत्रव्यवहार केला की त्या काळात दुसरं काम झालंच नाही, आणि ते कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तेव्हापासून आमच्याकडे एक रिवाज पडला. निरोपाच्या दिवशी जाणाऱ्या हेडक्लार्कला माझ्यावर बसवायचं, हार घालायचा, भाषणं करायची. तो उठला की लगेच पुढच्या माणसानं बसायचं. मध्ये खुर्ची रिकामी राहता कामा नये. बसला की टाळ्या. बसणं म्हणजेच पदभार घेणं. कागद मागाहून होत.

सीतारामपंतांनंतर एक गृहस्थ आले आणि वेळेवर गेले. त्यांच्याविषयी सांगण्यासारखं त्यांनी मागे काही ठेवलं नाही. मग विद्याधर टिपणीस बसले. टिपणिसांचा आवाज तरुणपणी चांगला होता म्हणे. एका नाटक कंपनीनं त्यांना बोलावलंही होतं. "आधी पर्मनंट होऊ दे, मग बघू," असं त्यांनी कंपनीला कळवलं. पर्मनंट झाले, बघायचं राहिलं. फायलीवर सही करताना त्यांचा डावा अंगठा माझ्या डाव्या हातावर ताल धरायचा. तिथलं माझं पॉलिश पार उडालं आणि खालचं लाकूड उघडं पडलं. ढेकूण वेतात होतेच. तेही पर्मनंट.

टिपणिसांच्या टेबलाच्या उजवीकडे बिनहातांच्या खुर्चीत जयवंत घाडी बसायचा. चौतिशीचा, किरकोळ, मान खाली घालून काम करणारा. सांगायचं ते त्याच्याविषयीच.

जयवंतचं अक्षर फार सुंदर होतं, आणि कचेरीत सुंदर अक्षर असणं ही एक आपत्तीच. 'कृपया शांतता राखा', 'भिंतीवर थुंकू नये', सत्यनारायणाच्या पूजेचं निमंत्रण, साहेबांच्या मुलीच्या वर्गाचा तक्ता, सगळं त्याच्याकडे यायचं. निवृत्त होणाऱ्यांची मानपत्रंही तोच रंगवायचा. मजकूर ठरलेला: कर्तव्यदक्ष, मनमिळाऊ, निःस्पृह. नाव तेवढं बदलायचं. ज्या गृहस्थाशी कुणी बोलत नव्हतं तोही निघताना मनमिळाऊ होऊन निघे.

एकदा वरून हुकूम आला की प्रत्येक वस्तूवर डेडस्टॉकचा नंबर रंगवावा. इतर शाखांनी टेबलांवर आणि कपाटांवर काहीतरी फराटे ओढले. जयवंत मात्र जमिनीवर वर्तमानपत्र पसरून आडवा झाला आणि माझ्या मागच्या पायावर, जिथे जन्मात कुणी वाकून बघणार नाही तिथे, बारीक ब्रशनं देवळावर नाव घालावं तसा नंबर घातला. त्या वेळी तो गुणगुणत होता. एरवी त्या कचेरीत मी त्याला गुणगुणताना ऐकलेलं नाही.

संध्याकाळी तो घाटकोपरला लवू पेंटरकडे जायचा. लवू त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. दोघं मिळून दुकानांचे बोर्ड रंगवायचे. त्या वर्षांत मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत नव्या इमारती उभ्या राहत होत्या. प्रत्येक इमारतीखाली दुकानं, आणि प्रत्येक दुकानदाराला आपलं नाव शेजाऱ्याच्या नावापेक्षा मोठं हवं.

पंच्याऐंशी सालच्या नोव्हेंबरात लवू एके दिवशी दुपारच्या सुट्टीत कचेरीत आला. टिपणीस कँटीनमध्ये गेले होते. लवू सरळ माझ्यावर बसायला निघाला, तेव्हा जयवंतनं त्याला दंडाला धरून बाजूला ओढलं.

"तिच्यावर नको रे. हेडक्लार्कची आहे."

"चावते काय?" लवू म्हणाला आणि टेबलाच्या कडेवर टेकला. टेकून, 'टेबलावर बसू नये' ही जयवंतनं रंगवलेली पाटी वाचत राहिला. "ऐक. भटवाडीत गाळा मिळालाय. रस्त्यावरचा, उजेडाचा. पण आता संध्याकाळी येऊन दोन हात मारून जाणं नाय चालायचं, यार. दिवसभराचा माणूस पाहिजे."

"बघतो ना."

"किती वर्षं बघतोयस. महिनाअखेरपर्यंत सांग. नायतर मुलुंडचा एक पेंटर तयार आहे. मी त्याला घेतो भागीदार."

"बाबांना काय सांगू?"

 लवू पाटीकडे बघत उठला आणि गेला.

बाबा म्हणजे धोंडू घाडी. कोकणातून आलेले, परळच्या गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, विणकर. ब्याऐंशीच्या संपात गिरणीचं फाटक बंद झालं, ते त्यांच्यासाठी पुन्हा उघडलंच नाही. आता ते घाटकोपरच्या चाळीत ओट्यावर बसून असत. त्यांच्यासारखे आणखी पाचसहा होते. त्या सगळ्या ओट्यावर घरात पर्मनंट नोकरीचा मुलगा असलेले धोंडू एकटेच. त्यामुळे ओट्यावर त्यांची जागा भिंतीला टेकून होती, बाकीच्यांची कडेला. घरात म्हातारा-म्हातारी, जयवंतची बायको कुंदा आणि दोन पोरं. सगळी भिस्त एका पगारावर. ती नोकरी सोडतो असं त्या घरात बोलणं म्हणजे देवघरात चपला घालून शिरणं.

आणि नेमका त्याच आठवड्यात हुकूम आला. टिपणीस महिनाअखेरीला निवृत्त. त्यांच्या जागी जयवंत घाडी.

सगळ्यांनी येऊन जयवंतचा हात हातात घेतला. "आता तुला हात आले रे," असं जो तो म्हणाला आणि आपणच पहिल्यांदा म्हणतोय असं समजून हसला. जयवंतही हसला. नलिनी तेवढी हसली नाही.

नलिनी पलीकडच्या टेबलावरची कारकून. मानखुर्दहून यायची. ज्येष्ठतेत जयवंतच्या खालोखाल आणि बोलण्यात सगळ्यांच्या वर. टायपिस्ट कायम रजेवर असल्यामुळे टाइपरायटर तिच्याकडेच असायचा.

"चेहरा बघ आरशात," ती हळू म्हणाली. "बढती मिळालेला माणूस असा दिसतो?"

"कसा दिसतो?"

"वाट लागल्यासारखा." मग खुर्ची पुढे ओढून म्हणाली, "सोडायचीय ना तुला? मग सोड की."

"बाबांना सांगितलं नाही अजून."

"आणि कुंदाला?"

"ती म्हणते, तुझं तू ठरव, पण बाबांना तूच सांग."

"शहाणी आहे. तू एकदा का या खुर्चीत बसलास ना, की संपलं. टिपणिसांचा अंगठा बघतोस ना? तुझाही चालू होईल. ताल नाही, तू अक्षरं काढशील तिच्यावर."

त्या दुपारी नलिनीनं त्याचा राजीनामा टाइप केला. तो स्वतः लिहीत होता, पण तिनं लिहू दिला नाही. "तुझ्या अक्षरात नको. साहेब फ्रेम करून लावतील, मंजूर करणार नाहीत."

दोन ओळींचा कागद. जयवंतनं तो घडी घालून शर्टाच्या खिशात ठेवला. त्यानंतर रोज सकाळी मी पाही, तो साहेबांच्या दारापर्यंत जायचा, खिशाला हात लावायचा आणि कुठल्यातरी फायलीची आठवण झाल्यासारखा परत यायचा. घामानं कागद मऊ पडत चालला. कडा काळ्या झाल्या.  नलिनी टाइपरायटरची गाडी एवढ्या जोरात ढकलायची की टिपणीस दचकायचे.

महिनाअखेरचा दिवस उजाडला.

सकाळी सहदेव शिपायानं निरोप समारंभाचा काळा फळा आणून जयवंतसमोर ठेवला. रंगीत खडूंचा डबाही आणला. जयवंतनं वर वेलबुट्टी काढली, दोन कोपऱ्यांत दोन कमळं काढली, 'निरोप समारंभ' लिहिलं आणि खाली मोठ्या लाल अक्षरांत नाव घालायला घेतलं. तो छान रमला होता. मी समोरच होते, पण मला वाचता येत नाही, मला फक्त माणसं कळतात. नाव पुरं झालं, जयवंत दोन पावलं मागे सरला आणि तसाच थिजला.

नलिनी उठून आली. तिनं वाचलं, "निरोप समारंभ. श्री. जयवंत धोंडू घाडी."



"पुसू?" तिनं विचारलं.

"मी पुसतो."

त्यानं डस्टरनं नाव पुसलं आणि त्यावर टिपणिसांचं नाव घातलं. पण लाल खडू असा सहज जात नाही. खालचं नाव पुसट दिसत राहिलं.  कागद खिशातून काढून तो साहेबांच्या दाराशी गेला. साहेब मुख्य कचेरीत गेले होते, समारंभालाच येणार होते. कागद परत खिशात गेला.

"चार वाजता देतो," तो नलिनीला म्हणाला. "सगळं सुरू व्हायच्या आधी."

"चार वाजता साहेब हार घेऊन उभे असतील. त्यांच्या कुठल्या हातात देणार आहेस?"

दुपारी सहदेव हसत हसत जयवंतपाशी आला. सहदेव धोंडूंच्याच गल्लीत राहायचा. "घाडी, एक गंमत केलीय. टिपणीससाहेबांनी सांगितलं, मुलगा खुर्चीवर बसताना बापानं बघायला पाहिजे. म्हणून मी काल रात्री तुझ्या बाबांना निरोप दिला. येतायत ते."

जयवंतनं मान वर केली. "कुठे येतायत?"

"इथे. घाटकोपर-अंधेरी बसनं. चाळीत सगळ्यांना सांगून निघणार म्हणाले."

मी पुष्कळ माणसांचे घाम पाहिले आहेत. ऑडिटच्या दिवसातला घाम वेगळा, बदलीचा वेगळा. जयवंतला त्या दुपारी आला तो घाम मी त्याआधी पाहिला नव्हता. तो खिडकीशी जाऊन उभा राहिला आणि बसथांब्याकडे बघत राहिला. कुठली बस आपल्यासाठी येऊ नये, असं वाटणारा माणूस कसा बघतो ते मी त्या दिवशी पाहिलं.

चारच्या सुमाराला धोंडू आले. अंगात धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात दोरीनं बांधलेला पेढ्यांचा पुडा. दाराशी चपला काढून आत आले, तेव्हा सहदेव म्हणाला, "अहो, चपला राहू द्या." पण ते अनवाणीच आले. कचेरीच्या भिंती, पंखे, टेबलं त्यांनी सावकाश पाहिली. मग त्यांची नजर माझ्यावर आली.

"हीच ती?"

"होय बाबा." जयवंत कसाबसा म्हणाला.

"हात बरे आसत," धोंडू म्हणाले आणि सहदेवनं दिलेल्या स्टुलावर पुडा मांडीत घेऊन बसले.

साहेब आले ते घाईतच. त्यांनी जयवंतकडे पाहिलंही नाही. टिपणिसांना माझ्यावर बसवलं, हार घातला, श्रीफळ दिलं. साहेबांचं भाषण दर वेळचं: टिपणीस म्हणजे या कचेरीचा आधारस्तंभ. सीतारामपंतही आधारस्तंभच होते, पण कचेरी काही पडली नाही. नलिनीनं मानपत्र वाचलं. टिपणीस मनमिळाऊ निघाले.

"दोन शब्द बोला," साहेब टिपणिसांना म्हणाले.

"बोलत नाही," टिपणीस म्हणाले. "एक पद म्हणतो."

सगळे कौतुकानं सरसावून बसले. टिपणिसांनी डोळे मिटले. माझ्या डाव्या हातावर अंगठ्यानं ताल धरला आणि सूर लावला. सूर लागला नाही. पुन्हा लावला. खालच्या खाली घुटमळला आणि थांबला. अंगठा मात्र चालू राहिला. पद संपलं असं समजून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"चला, उठा टिपणीस," साहेब घड्याळ बघत म्हणाले.

टिपणीस उठले नाहीत.

त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले होते. त्यांची बोटं पांढरी पडलेली मला दिसत होती. "उठतो," ते म्हणाले. "उठतो हं." पण शरीर जागचं हलत नव्हतं. लोक इकडेतिकडे बघू लागले. कुणीतरी खोकलं. शेवटी सहदेवनं एका काखेत हात घातला, दुसऱ्या बाजूनं एका कारकुनानं, आणि दोघांनी मिळून त्यांना उभं केलं. उभे राहिल्यावर त्यांनी मागे वळून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांचं काही चोरलं आहे. मी काय चोरणार? माझे हात जागचे हलत नाहीत.

मी रिकामी झाले. वेत अजून खाली दबलेलाच होता. दारात हिशेब शाखेचा एक माणूस उगाचच रेंगाळत होता.

"घाडी, बसा," साहेब म्हणाले. सहदेव दुसरं श्रीफळ घेऊन तयार. टाळ्यांसाठी हात वर आले.

जयवंत माझ्यासमोर उभा होता. एक पाऊल पुढे आला. क्षणभर मला वाटलं, बसला. मला सवय होती, माणसं बसायचीच. मग त्यानं खिशातून तो मऊ पडलेला कागद काढला.

"सर, मी बसणार नाही."

"म्हणजे? आज दिवस चांगला नाही का?"

"दिवस चांगला आहे, सर. मी नोकरी सोडतोय."

वर आलेले हात तसेच राहिले. एकाला खाली कसे घ्यावेत ते सुचेना, म्हणून त्यानं डोकं खाजवलं. साहेबांनी कागद घेतला, वाचला, उलटून मागची बाजू पाहिली, जणू खरा मजकूर मागे असेल. "वेड लागलंय का घाडी? बाहेर लोकांना नोकऱ्या नाहीत. गिरण्यांची काय दशा झाली बघा." आणि मग त्यांना स्टुलावरच्या म्हाताऱ्याची आठवण झाली. "बाबा, तुम्हीच समजवा याला."

सगळ्या माना धोंडूंकडे वळल्या.

धोंडू उठले नाहीत. मांडीवरचा पुडा दोन्ही हातांनी धरून त्यांनी मुलाकडे पाहिलं. "कुंदाक ठावक आसा?"

"होय."

"म्हणजे माकाच नाय."

"नाय."

"कित्याक?"

"तुमी नको म्हटला असतात."

"व्हय," धोंडू म्हणाले. "म्हटलाच असता."

 जयवंत मान खाली घालून उभा. मला दिसत होतं की म्हाताऱ्यानं आता नुसतं 'बस' म्हटलं तरी तो बसेल. साहेबांसमोर उभं राहण्याचं सगळं बळ त्यानं खर्चून टाकलं होतं. बापापुरतं काही शिल्लक नव्हतं.

धोंडू उठले. पुडा स्टुलावर ठेवला. अनवाणी पावलांनी माझ्यापर्यंत आले, माझ्या डाव्या हातावरून, जिथे पॉलिश उडालं होतं तिथून, अंगठा फिरवला. भिंतीशी टिपणीस हार घालून उभे होते, त्यांच्याकडे एकदा पाहिलं. आणि वळून सरळ माझ्यावर बसले.

इतकं हलकं माणूस माझ्यावर कधी बसलं नव्हतं. वेताला कळलंसुद्धा नाही.

"गिरणीत आमी साच्यापुढे उभे," ते म्हणाले. कुणाला उद्देशून ते कळत नव्हतं. "सगळा आयुष्य उभ्यान गेला. बसाक खुर्ची कोणी दिल्यान नाय. माका वाटलेला, झील तरी बसात." माझे दोन्ही हात त्यांनी चाचपून पाहिले, घट्ट धरून पाहिले, सोडून पाहिले. "मी गिरणी सोडूक नाय. गिरणीन माका सोडल्यान. आमच्यात नोकरी सोडूची रीतच नाय. नोकरीच आमका सोडून जाता."

एक कारकून हसला आणि लगेच गप्प झाला.

"ह्यांका उठवूक दोन माणसा लागली," धोंडू टिपणिसांकडे बोट करून म्हणाले. त्यांच्या आवाजात टोमणा नव्हता. टिपणिसांनी मान हलवली. "माझ्या झिलाक कोण उठयतलो? मी तोवर आसतलंय काय?" मग मुलाकडे वळून म्हणाले, "जा तू. खुर्ची रिकामी रवता नये म्हणतत ना? मी बसलंय."

जयवंतला जागचं हलता येईना.

"पेढे वाट," धोंडू म्हणाले. "बढतीचे म्हणून आणलेले. आता कसले ते तूच सांग लोकांक."

जयवंतनं पुडा सोडला. दोरीची गाठ सुटेना, तेव्हा नलिनीनं ती दातांनी तोडली. पहिला पेढा त्यानं साहेबांना दिला. साहेबांनी एका हातात राजीनामा आणि दुसऱ्या हातात पेढा धरून आळीपाळीनं दोन्हींकडे पाहिलं, आणि त्यातला सोपा तोंडात टाकला.

"पण आता या जागेवर कोण?" तोंडातला पेढा संपल्यावर त्यांना सुचलं.

"मी आहे की," नलिनी म्हणाली. "ज्येष्ठतेनं माझाच नंबर. आणि मला घरी जाऊन काही रंगवायचं नाहीये."

धोंडू उठले. माझे हात न धरता उठले. नलिनी पर्स घेऊन आली, पर्सचा पट्टा माझ्या उजव्या हातात अडकवला आणि बसली. टाळ्या तिला मिळाल्या. हिशेब शाखेचा माणूस निघून गेला. बापलेक जिन्यानं खाली उतरले तेव्हा म्हातारा काय बोलत होता ते मला ऐकू आलं नाही. सहदेव सांगतो की बसथांब्यापर्यंत ते काहीच बोलले नाहीत, आणि बस आल्यावर धोंडू इतकंच म्हणाले, "ओट्यावर मी सांगतंय. तू मधी बोलू नको."

तो फळा बरेच दिवस कपाटाला टेकून होता. टिपणिसांचं नाव धुळीनं जात गेलं, आणि खालचं लाल नाव वर येत गेलं, असं नलिनी म्हणायची. तिनं तो कुणाला पुसू दिला नाही.

आता एकोणनव्वद साल चालू आहे. नव्या खुर्च्या आल्या, लोखंडी, फोमच्या. नलिनीला त्यातली एक मिळाली. माझा वेत फाटला आहे. मी जिन्याखाली असते. सहदेवनं माझ्यावर फळी टाकून पाण्याचा माठ ठेवला आहे. लिलावात जाईन असं ऐकते. ढेकूण मात्र नव्या खुर्च्यांत गेले. त्यांना बढती घेताना काही अडचण आली नाही.

गेल्या महिन्यात कचेरीला नवा नामफलक लागला. कंत्राट कुणाला गेलं ते मला ठाऊक नव्हतं. सकाळी टेम्पो थांबला आणि त्यातून जयवंत उतरला. मिशीत थोडे पांढरे केस, कपाळावर हिरव्या रंगाचा ठिपका. तो कसलंतरी गाणं गुणगुणत होता. दारावर फलक बसवायला दुसरी शिडी नव्हती, तेव्हा सहदेवनं माठ खाली उतरवला आणि मला ओढत दारात आणलं.

जयवंतनं मला ओळखलं. वाकून माझ्या मागच्या पायाकडे पाहिलं. आपल्या हातचा नंबर अजून शाबूत आहे ते बघून थोडा हसला. मग त्यानं चपला काढल्या. मला हात लावून तो हात कपाळाला नेला, कारण पाय लावायचा होता. आणि फाटका वेत टाळून, सागवानी चौकटीवर दोन्ही पाय रोवून तो माझ्यावर उभा राहिला.

एवढी वर्षं त्याच्या वजनाची वाट पाहिली होती. ते पायांनी आलं.

खिळे ठोकून झाल्यावर तो उतरला. मी कुरकुरले नाही. सहदेव मला परत जिन्याखाली नेईपर्यंत मी दारातच होते आणि माझ्या बाजूनं माणसं आत-बाहेर करत होती. कुणाला घाई असेल तर जाऊ द्या, पण तुमच्यापैकी कुणाला उद्या कुणी माझ्यासारखीवर बसवायला निघालं, तर इतकंच करा: बसण्याआधी एकदा तिच्या डाव्या हाताकडे बघा. पॉलिश कुठे उडालंय ते बघा. मग खुशाल बसा, नाहीतर पेढे वाटा.